जलपर्णीचे वजन आकाशातून : कुट्टनाडातील एका ड्रोन सर्वेक्षण सेवेचा अनुभव

पाण्याचा एखादा पट्टा आपण दाखवायचा, कंपनीने त्यावर ड्रोन उडवायचा आणि पंधरा दिवसांनी त्या पट्ट्यावर जलपर्णी किती टन आहे हे नकाशासह लिहून द्यायचे, अशी ही सेवा आहे. केरळमधील वेंबनाड सरोवराच्या दक्षिणेकडील कुट्टनाडात, भातखाचरांच्या एका समितीसाठी, मी ती गेल्या फेब्रुवारीत घेतली. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. जे दोष मला आढळले ते एका कंपनीपेक्षा या कामाच्या रूढ पद्धतीतले अधिक आहेत, आणि नाव घेतले की वाचणाऱ्याचे लक्ष पद्धतीवरून उडते.

टनांची गरज का पडली ते आधी सांगितले पाहिजे. कुट्टनाडातील भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, बांध घालून पाणी उपसलेल्या खाचरांत होते. अशा खाचरांच्या समूहाला तिथे पाडशेखरम म्हणतात. खाचरांना जोडणारे अरुंद कालवे जलपर्णीने भरले की पाणी उपसता येत नाही, नाव चालत नाही आणि कापलेले भात बाहेर काढता येत नाही. ती काढण्याचे कंत्राट आमच्याकडे टनावर दिले जाते. कंत्राटदार ओल्या ढिगाचे वजन सांगतो, समितीला ते फुगवलेले वाटते, आणि दरवर्षी हा वाद बांधावर उभ्या उभ्या चालतो. काढणीआधी तिऱ्हाइताकडून अंदाज मिळाला तर भांडण कमी होईल, एवढाच समितीचा हेतू होता.

पुण्यातील मुळा-मुठा किंवा कोल्हापूरची पंचगंगा पाहिलेल्या वाचकांना ही वनस्पती परिचयाची आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली ही जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली, आणि १९३६ साली तिच्यासाठी तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. कुट्टनाडातले लोक तिला ‘पोळ’ म्हणतात. उच्चार ऐकून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे शिंगे रंगवलेले बैल उभे राहिले होते. तिथे तिचा इतका फैलाव होण्यामागे समुद्राशी असलेले नाते आहे. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल आणि मूवाट्टुपुळा या नद्या वेंबनाडमध्ये उतरतात आणि कोचीच्या मुखातून समुद्राचे खारे पाणी आत येते. खारे पाणी भातापर्यंत पोचू नये म्हणून १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे सरोवराच्या आडवा झडपांचा बंधारा पूर्ण झाला. झडपा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद ठेवायच्या, असे वेळापत्रक आहे. दर लिटर पाण्यात सहा ते आठ ग्रॅमच्या वर मीठ गेले की जलपर्णी तग धरत नाही. झडपा बंद असताना मात्र दक्षिणेकडचे पाणी गोडे राहते, त्यात शेतातल्या खतांचा निचरा मिसळतो आणि पोळ मोकाट वाढते. २००२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या एका खाडी-सरोवराचा अर्धा भाग असा वर्षातले काही महिने गोड्या पाण्याच्या तळ्यासारखा वागतो.

आता सेवेकडे येते. ठरलेल्या दिवशी सकाळी पावणेआठला एक वैमानिक आणि एक मदतनीस आले. दोन किलोच्या आतले, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘सूक्ष्म’ वर्गातले चार पंखांचे यंत्र त्यांनी आणले होते. त्याला साध्या कॅमेऱ्याच्या जोडीला हिरवा, लाल, लाल-कडेचा (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा) आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त अशा प्रकाशाच्या चार पट्ट्यांत चित्रे घेणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा होता. वैमानिकाने नोंदणी क्रमांक आणि आपले प्रमाणपत्र न मागता दाखवले, ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आमची जागा हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात असल्याचे फोनवर उघडून दाखवले, आणि मग बांधावर राखाडी रंगाची एक चौरस पाटी ठेवून तिचे चित्र घेतले. ही पाटी किती टक्के प्रकाश परत फेकते हे ठाऊक असल्यामुळे तिच्या आधाराने त्या दिवशीचा प्रकाश मोजता येतो आणि पुढच्या वेळच्या चित्रांशी तुलना करता येते. पाटी न ठेवता उड्डाण करणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे इथपर्यंत माझे मत अतिशय चांगले झाले.

उड्डाण साठ मीटर उंचीवरून झाले. या उंचीवर मल्टिस्पेक्ट्रल चित्राचा एक ठिपका पाण्यावरच्या सुमारे तीन सेंटिमीटरांएवढा असतो, म्हणजे जलपर्णीचे एक पान काही ठिपक्यांत बसते. चित्रे एकमेकांवर भरपूर चढतील अशा बेताने रांगा आखल्या होत्या, आणि ऊन डोक्यावर येऊन पाणी चकाकू लागण्याच्या आत, साडेदहापर्यंत, सर्व काम संपले. क्षेत्रफळाचा जो नकाशा पुढे मिळाला तो निर्दोष म्हणावा इतका चांगला होता. याचे श्रेय यंत्राइतकेच निसर्गाला आहे : निकट-अवरक्त प्रकाश पाणी जवळजवळ पूर्ण शोषून घेते आणि हिरवे पान तो जोराने परत फेकते, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या चित्रात पाणी काळेभोर आणि जलपर्णी पांढरीशुभ्र दिसते, कड शोधायला फारशी अक्कल लागत नाही. साध्या रंगीत चित्रांतून त्यांनी जलपर्णी आणि साल्व्हिनिया, जिला केरळात आफ्रिकन पायल म्हणतात, यांचे थरही वेगळे करून दिले. हिरवेपणाच्या निर्देशांकात, म्हणजे एनडीव्हीआयमध्ये, हे दोन थर फारसे वेगळे ओळखू येत नाहीत. वजनात मात्र त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

नकाशात एक गंमत होती. कालवा सरोवराला मिळतो त्या मुखाशी आमची नाव दोनदा दिसत होती, शेजारी शेजारी, आणि दोन्ही नावांत आडवा हात करून बसलेला नावाडी तोच होता. नाव एका जागी बांधलेली नव्हती आणि जलपर्णीचा तरंगता थरही नव्हता. एक रांग उडून ड्रोन परत येईपर्यंत वाऱ्याने दोन्ही काही मीटर सरकले होते. चित्रे जोडणारी प्रणाली जमीन स्थिर आहे असे धरून चालते. कालव्यात दोन्ही बाजूंना बांध असल्यामुळे थर अडकून राहतो आणि जोड नीट बसतो, पण उघड्या पाण्यावर तोच थर दोनदा मोजला जाऊ शकतो किंवा अर्धा गळू शकतो. अहवालात याचा उल्लेखही नव्हता. विचारल्यावर त्यांनी तो भाग वगळून आकडा पुन्हा दिला, पण नाव दोनदा दिसली नसती तर माझ्याही लक्षात आले नसते, हे कबूल केले पाहिजे.

वजनाचा आकडा काढताना ड्रोन काहीही तोलत नाही. तो दोन गोष्टी देतो : पाने किती हिरवी आहेत आणि झाडोरा किती उंच आहे. यातला हिरवेपणा लवकर फसवतो, कारण पानांनी पाणी एकदा पूर्ण झाकले की निर्देशांक छताला टेकतो. गुडघ्याएवढी जलपर्णी आणि कमरेएवढी जलपर्णी त्याला सारखीच वाटते. उंचीचा आधार अधिक भक्कम आहे, आणि इथे तरंगत्या वनस्पतीचा एक फायदा आहे ज्याची मला आधी कल्पना नव्हती. चीनच्या किनाऱ्यावर १९७९ साली मुद्दाम आणून लावलेले आणि आता उपटून काढण्याची मोहीम चालू असलेले स्पार्टिना नावाचे गवत चिखलात रुजते. दाट गवताखालचा चिखल ड्रोनला दिसत नाही, त्यामुळे उंची मोजायला पायाच सापडत नाही. जलपर्णीचा पाया मात्र पाण्याची पातळी हाच असतो, आणि ती जवळच्या उघड्या पाण्यावरून किंवा बांधावर रंगवलेल्या खुणेवरून काही सेंटिमीटरांच्या फरकाने कळते. वारा पडलेला असेल तर उंचीचा नकाशा विश्वासाचा निघतो, आणि आमचा तसा निघाला.

पण हे सगळे पाण्याच्या वरचे झाले. आमचे नावाडी, ज्यांना मी चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते, वैमानिकाच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी वाकून एक रोप मुळांसकट उचलले, माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “मॅडम, यातलं अर्धं त्याला दिसतच नाही.” काळ्या पिसांसारखी मुळे हातभर लोंबत होती आणि त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

कंपनीच्या ठरावीक सेवेत प्रत्यक्ष नमुने घेणे समाविष्ट नव्हते. दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत ‘ऐच्छिक’ म्हणून ते वेगळ्या दराने लिहिले होते. माझी सर्वात मोठी तक्रार या एका शब्दाविषयी आहे. ज्याच्याशिवाय वजन निघूच शकत नाही ती गोष्ट ऐच्छिक कशी असेल? नमुन्यांशिवाय त्यांनी दिलेल्या पहिल्या अहवालात टनांचा आकडा दोन दशांश स्थानांपर्यंत होता. तो कोणत्या समीकरणाने काढला हे विचारल्यावर चार दिवसांनी उत्तर आले की समुद्रापासून दूरच्या एका तलावावर बसवलेले उंची आणि वजनाचे समीकरण वापरले आहे. तलावही जलपर्णीचाच होता, त्यामुळे त्यांना यात काही वावगे वाटत नव्हते.

वावगे होते ते असे. समितीकडून दोन दिवसांची परवानगी घेऊन मी आणि चेट्टन यांनी पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट टाकून चोवीस ठिकाणी नमुने काढले. खतांचे पाणी येणाऱ्या कालव्यात पाने माझ्या कमरेला लागत होती, पण खालची मुळे आखूड होती, कारण हाताशी भरपूर अन्न असलेले रोप मुळांवर खर्च करत नाही. सरोवराकडच्या मुखाशी पाने जेमतेम घोट्याएवढी, फुगीर देठांची आणि खाली ते लांबलचक काळे पीस. उंचीवरून पाहिले तर पहिली चौकट दुसरीच्या कित्येक पट भरायला हवी होती. ताणकाट्यावर पहिली सात किलोंच्या आसपास आणि दुसरी चारच्या वर भरली. उसने समीकरण पहिल्या चौकटीला फारसे चुकत नव्हते आणि दुसरीचे वजन मात्र जवळजवळ नाहीसेच करत होते. आमच्या क्षेत्राचा बराच भाग दुसऱ्या प्रकारचा होता, त्यामुळे पहिल्या अहवालाचा एकूण आकडा साधारण एक-तृतीयांशाने कमी आला होता. समितीने तो तसाच स्वीकारला असता तर कंत्राटदाराचे खरे वजनसुद्धा लबाडी ठरले असते.

चौकटीचे वजन घेणे हेही दिसते तितके सरळ नाही. उचलल्याबरोबर तोलले तर मुळांत अडकलेले पाणीच तोलले जाते. किती वेळ निथळू द्यायचे हे आधी ठरवावे लागते. आम्ही दर नमुन्याला पाच मिनिटे दिली, आणि तेवढ्या वेळात काट्याचा बाण खाली सरकताना दिसत होता. ताज्या जलपर्णीत सुमारे ९२ ते ९५ टक्के पाणीच असते, म्हणजे शंभर किलोंतून कोरडे पाच ते आठ किलो उरतात. वाहतुकीला ओले वजन लागते, खत किंवा बायोगॅसचा हिशेब करायला कोरडे. पहिल्या अहवालात नुसते ‘बायोमास’ लिहिले होते, ओले की कोरडे याचा पत्ता नव्हता. इतक्या पटीचा फरक पाडणारा शब्द गाळून दशांश स्थाने मात्र सांभाळायची, ही सवय मला केवळ या कंपनीत दिसलेली नाही.

आमच्या चोवीस चौकटी पाठवल्यावर कंपनीने नवे समीकरण बसवले, कालवा आणि मुख असे दोन भाग वेगळे केले, आणि माझ्या सांगण्यावरून सहा चौकटी समीकरणात न वापरता पडताळणीसाठी बाजूला ठेवल्या. याबद्दल त्यांचे कौतुक आहे. त्यांनी वाद घातला नाही, जास्तीचे पैसे मागितले नाहीत आणि मूळ चित्रेही माझ्या हवाली केली, जी बऱ्याच ठिकाणी मागूनही मिळत नाहीत. त्या सहा चौकटींवर कालव्यातला अंदाज चांगला जुळला आणि मुखाशी बेताचा. काढणीच्या वेळी वजनकाट्याच्या पावत्या दुसऱ्या आकड्याच्या जवळ गेल्या, पण मधल्या काळात झाडोरा वाढला होता आणि ट्रकमध्ये भरेपर्यंत निथळलाही होता, त्यामुळे पावत्यांना मी पुरावा मानत नाही.

मधल्या काळाचीही एक तक्रार आहे. अनुकूल पाण्यात जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, आणि अहवालाची ठरलेली मुदत पंधरा दिवस होती. काठोकाठ भरलेल्या कालव्यात पसरायला जागा नसते, म्हणून तिथला नकाशा टिकला. उघड्या पाण्याकडची कड मात्र अहवाल हातात येईपर्यंत जुनी झाली होती. संगणकाचे काम दोन दिवसांचे आहे हे वैमानिकानेच बोलता बोलता सांगितले. उरलेले तेरा दिवस कशात गेले हे विचारायचे राहून गेले.

मार्चअखेर मी स्वखर्चाने बंधाऱ्याजवळच्या भागात आणखी एक उड्डाण करून घेतले. झडपा उघडून खारे पाणी आत आले होते आणि तिथली जलपर्णी तपकिरी पडू लागली होती. हिरवेपणाच्या नकाशावर तो पट्टा जवळजवळ रिकामा दिसत होता. पाण्यात मात्र ती सगळी होती, कुजत, बुडत, नावेच्या पंख्यात अडकत. ड्रोनच्या दृष्टीने झाड मेले की हिशेबातून गेले. काढणाऱ्याच्या दृष्टीने ते तेवढेच जड असते आणि हाताळायला अधिक किळसवाणे. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर काम करणाऱ्याने उड्डाणाची तारीख झडपांच्या तारखेशी जुळवूनच ठरवावी.

ही सेवा कोणी घेऊ नये, तेही सांगते. उघडे, रुंद पाणी असेल आणि प्रश्न केवळ क्षेत्रफळाचा असेल, तर सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटर ठिपक्याची चित्रे फुकट मिळतात आणि आकाश निरभ्र असेल तर थोड्या थोड्या दिवसांनी नवी येतात. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयासाठी ड्रोनचे पैसे घालवणे ही हौस होईल. पाच-सहा मीटर रुंदीच्या कालव्यात मात्र उपग्रहाच्या एका ठिपक्यात पाणी, बांध आणि माड सगळे मिसळते, तिथे ड्रोनला पर्याय नाही. माडांच्या झावळ्यांखाली दडलेली जलपर्णी दोघांनाही दिसत नाही, ती नावेतूनच पाहावी लागते. कोकणातील खाड्यांच्या वरच्या, गोड्या टोकांसाठी कोणाला असे काम करून घ्यायचे असेल तर विमानतळ आणि संरक्षण दलांच्या तळांभोवतीचे निर्बंध आधी पाहावेत. इथेही कोचीकडे, नौदलाच्या तळाच्या बाजूला सरकले की हिरवा पट्टा संपतो. दर हेक्टरवर असला तरी किमान एका दिवसाचे पैसे घेतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन समित्यांनी एकत्र येऊन एकच दिवस ठरवला तर प्रत्येकाला ते परवडते. पावसाळ्यात, जेव्हा नद्यांच्या पुराबरोबर सर्वात जास्त पोळ खाली येते, तेव्हा पावसात यंत्र उडत नाही. उघडीप मिळेल त्या दिवसावर अवलंबून राहावे लागते.

थोडक्यात, क्षेत्रफळासाठी ही सेवा मी पुन्हा निःशंकपणे घेईन, आणि वजनासाठी घेईन ती माझ्या अटींवर. नोव्हेंबरच्या पेरणीआधीचे काम समितीने त्याच कंपनीला दिले आहे. मागणीपत्रात या वेळी लिहिले आहे की चौकटी किमान तीस असतील, त्यांतल्या दहा पडताळणीसाठी राखल्या जातील, प्रत्येक आकड्यापुढे ओले किंवा कोरडे हा शब्द असेल, उघड्या पाण्यावरच्या थराची कड एकाच उड्डाणात घेतली जाईल आणि अहवाल पाचव्या दिवशी मिळेल. कंपनीने पाचाचे सात दिवस करून मागितले आहेत. चौकटी टाकण्याचे काम चेट्टन यांनीच करावे ही कंपनीची स्वतःची सूचना आहे, आणि त्यासाठी चेट्टन यांनी रोजाचा जो दर सांगितला आहे तो वैमानिकाच्या दराहून फार कमी नाही.